ठासणीची बंदूक आणि तिच्यावरील दुर्बीण

सन २०१६ च्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका लहानशा धर्मग्रामात सेवा करण्याचा योग आम्हांला आला. तेथील आमचा शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, पासष्टीचा, पोलिश वंशाचा गृहस्थ. रविवारच्या मिस्सेनंतर तो आम्हांला आपल्या घरी जेवायला नेत असे. एकदा जेवण आटोपल्यावर त्याने दुर्बिणींचा एक जाडजूड सूचिपत्रक-ग्रंथ आमच्यापुढे उघडला आणि म्हणाला, “फादर, ठासणीच्या बंदुकीवर बसवायला यांतली कोणती घेऊ?”

धर्मगुरूला विचारण्याजोगा हा प्रश्न नव्हे. १९१७ च्या धर्मसंहितेने तर धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये, आणि गाजावाजाची शिकार मुळीच करू नये, असे स्पष्ट बजावले होते. १९८३ च्या संहितेतून तो नियम वगळला गेला म्हणून आम्ही काही शिकारी झालो नाही. आम्ही हसून विषय टाळणार, तोच त्याने पुढची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी संध्याकाळच्या अंधूक उजेडात त्याने एका हरिणीवर गोळी झाडली होती. ती पडली नाही. रक्ताचा माग काढत तो कंदील घेऊन मध्यरात्रीपर्यंत रानात हिंडला, दुसऱ्या दिवशीही हिंडला. हरिणी सापडली नाही. “माझी नजर गेली आहे फादर. मला माशी दिसत नाही,” तो म्हणाला. ही गोष्ट पापनिवेदनात नव्हे, जेवणाच्या टेबलावर सांगितलेली आहे आणि त्याच्या संमतीनेच आम्ही ती येथे देत आहोत. तिच्यामुळे त्या सूचिपत्रकाकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पुढे त्या राज्यातील ग्रंथालयांत बसून या विषयाचा इतिहास धुंडाळताना आमचे कित्येक दिवस कसे गेले, हे कळले नाही.

ठासणीची बंदूक आपल्या कोकणातील वाचकांना नवी नाही. भातशेतीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी परवान्याची अशी बंदूक बाळगणारी घरे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे अनेकांनी पाहिली असतील. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ती ठासून तळाशी बसवायची, म्हणून ती ठासणीची. प्रथम ही दारू जळत्या तोड्याने पेटवीत, मग गारगोटीच्या ठिणगीने, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून घोड्याखाली ठेवलेल्या तांब्याच्या टोपीने. एक बार झाला की पुन्हा सारा खटाटोप. शिकाऱ्याच्या हाती एकच गोळी असते. तेवढ्यात काय ते साधायचे. आमच्या मते या बंदुकीचे सारे नीतिशास्त्र या एका गोष्टीत आहे.

आता नेम धरण्याची अडचण पाहा. साध्या बंदुकीवर डोळ्याजवळ एक खाच असते, नळीच्या टोकाशी लहानसा मणी असतो. त्यालाच आपल्याकडे माशी म्हणतात. आणि त्यांच्या पलीकडे सावज. या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. पण परमेश्वराने घडवलेला मानवी डोळा तीन वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. तरुण डोळा झटपट जवळून दूर आणि दुरून जवळ फिरतो आणि ती उणीव झाकतो. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची ही लवचीकता ओसरते. मग माशी पाहावी तर सावज पुसट, सावज पाहावे तर माशी नाहीशी. दुर्बिणीचे खरे काम वस्तू मोठी दाखवणे हे नाहीच. खूण आणि लक्ष्य या दोहोंना ती एकाच पडद्यावर आणून ठेवते. हे तिला कसे साधले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्यात आपल्या ख्रिस्तसभेच्या माणसांचा वाटाही लहान नाही.

१६०९ मध्ये गॅलिलिओने जी दुर्बीण आकाशाकडे वळवली तिच्यात पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग होते. ती वस्तू सुलट दाखवी. परंतु तिच्या नळीच्या आत प्रतिमा कोठेही प्रत्यक्ष तयार होत नसे. त्यामुळे आत खूण ठेवायला जागाच नव्हती. १६११ मध्ये योहान्नेस केप्लर याने दोन्ही बहिर्गोल भिंगांची दुर्बीण कागदावर मांडली आणि क्रिस्टोफ शायनर या येशूसंघीय धर्मगुरूने पुढील वर्षांत ती प्रत्यक्ष बनवून सूर्यावरील डागांचे निरीक्षण केले. या दुर्बिणीत नळीच्या आत, मधल्या एका ठिकाणी, दूरच्या वस्तूची प्रतिमा हवेत उभी राहते. त्याच ठिकाणी एखादा धागा ताणला तर तो धागा आणि ती दूरची वस्तू एकदमच स्पष्ट दिसावयास हवी. पण तेथे धागा ताणावा हे कोणाच्या ध्यानी आले नाही. ते काम एका कोळ्याने केले.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात विल्यम गॅसकॉइन नावाचा तरुण ज्योतिषी होता. १६४० च्या सुमारास, उघड्या राहिलेल्या त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळे विणले आणि त्याचा एक तंतू नेमका प्रतिमेच्या जागी आला. गॅसकॉइनने डोळा लावला तो आकाशावर एक रेघ स्पष्ट उमटलेली. आपल्या पत्रात त्याने या शोधाचे श्रेय स्वतःकडे न घेता सर्वांची व्यवस्था लावणाऱ्या परमेश्वराला दिले आहे. दुर्दैव असे, की १६४४ च्या जुलै महिन्यात मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना हा बुद्धिमान पुरुष मारला गेला. त्याचे कागद लॅंकेशायरमधील टाउनली घराण्यात जतन झाले. हे घराणे कॅथलिक, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडात श्रद्धेपायी दंड आणि तुरुंग सोसणारे. याच घराण्यातील रिचर्ड टाउनली यांनी १६६७ मध्ये गॅसकॉइनच्या उपकरणाची माहिती रॉयल सोसायटीपुढे ठेवली आणि त्याचे काम विस्मृतीतून वाचवले.

एक अडचण उरली होती. केप्लरची दुर्बीण सारे जग उलटे दाखवते. चंद्र उलटा दिसला तरी ज्योतिषाचे काही अडत नाही. परंतु झाडे आकाशातून खाली लोंबत आहेत आणि हरीण पाय वर करून डावीकडे निघाले आहे, असे पाहून कोण नेम धरणार? तिसऱ्या भिंगाने प्रतिमा सुलट करता येईल, हे केप्लरनेच सुचवले होते; पण तिला स्वच्छ आणि विस्तृत रूप दिले ते आन्तोन मारिया शिर्लेयस द रेइता या कॅपुचिन संन्याशाने. १६४५ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने चार भिंगांच्या सुलट दुर्बिणीची माहिती दिली आणि आउग्सबुर्गचा योहान विझेल हा कारागीर तशा दुर्बिणी बनवून विकू लागला. पुढील भिंग आणि डोळ्याचे भिंग यांना युरोपीय भाषांत आज जी नावे आहेत, तीही याच कॅपुचिनाने रूढ केली. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या फ्रान्सिसकन परंपरेतील माणसाने शिकाऱ्यांच्या दुर्बिणीचा पाया घालावा, याची आम्हांला मोठी गंमत वाटली. पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या संत फ्रान्सिसला काय वाटले असते, हे विचारायचे धाडस मात्र आम्ही करीत नाही.

म्हणजे १६४५ पर्यंत सारी सामग्री तयार होती. तरीही बंदुकीवर ठीक बसणारी दुर्बीण यायला जवळजवळ दोन शतके जावी लागली. कारण दोष दुर्बिणीत नव्हता, बंदुकीत होता. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी शंभर यार्डांवर कोठे जाईल याचा भरवसा नसे. मग अचूक पाहून उपयोग काय? नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडून गोळीला फिरकी देण्याची कला जुनी होती, परंतु लांबट गोळी आणि तांब्याची टोपी यांच्या जोडीने ती खरी परिपक्व झाली १८३० नंतर. तेव्हा कोठे बंदूक डोळ्याच्या पुढे गेली आणि डोळ्याला मदत हवी झाली.

ही मदत प्रथम अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात मिळाली. जॉन रॅट्क्लिफ चॅपमन हा तेथील स्थापत्य-अभियंता आणि युटिका गावचा बंदूक-कारागीर मॉर्गन जेम्स यांनी १८४० च्या दशकात नळीच्या लांबीएवढी लांब, बारीक पोलादी दुर्बीण ठासणीच्या बंदुकीवर बसवली. १८५५ मध्ये सिराक्यूज गावी विल्यम माल्कम याने दुर्बिणींचा कारखाना काढला. त्याने रंगदोष काढून टाकणारी जोडभिंगे वापरली. त्यामुळे वस्तूभोवती दिसणारी इंद्रधनुषी झालर गेली आणि चित्र कडेपर्यंत सपाट दिसू लागले. या दुर्बिणी निशाणेबाजांसाठी होत्या. ज्या बंदुकांवर त्या बसत त्यांपैकी काहींचे वजन तीस पौंडांपर्यंत असे. ती बंदूक खांद्यावर घेऊन रानात हिंडणे शक्य नव्हते. ती मेजावर टेकवून झाडावयाची.

आणि आता आपल्या प्रांताशी असलेला एक संबंध. मुंबई इलाख्याच्या फौजेत डेव्हिड डेव्हिडसन नावाचे एक स्कॉटिश अधिकारी होते. पुढे लेफ्टनंट कर्नल या हुद्द्याने ते निवृत्त झाले. हिंदुस्थानातील नोकरीच्या काळातच शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवण्याचे प्रयोग त्यांनी सुरू केले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी हे काम पुरे केले आणि १८६२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. अमेरिकन दुर्बीण नळीच्या माथ्यावर बसे. डेव्हिडसन यांची आखूड दुर्बीण बंदुकीच्या डाव्या अंगाला बसे. पुढील टोक खिळीवर फिरे आणि मागील टोक वरखाली सरकवून अंतराप्रमाणे पक्के करता येई. माथा मोकळा राहिल्यामुळे साधी खाच आणि माशी हीही वापरता येत. निशाणेबाजांच्या मेजासाठी ही योजना नव्हती. रानात हिंडणाऱ्या माणसाने ती केली होती, हे तिच्या घडणीतच दिसते. सह्याद्रीच्या कोणत्या रानात हा विचार त्यांना सुचला असेल, असे मनात येऊन आम्ही त्या परक्या ग्रंथालयात क्षणभर घरी आलो.

परंतु या दुर्बिणीची कीर्ती शिकारीने झाली नाही. झाली ती माणसे मारण्याने. मँचेस्टरचे यंत्रशास्त्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी षट्कोनी नळीची ठासणीची बंदूक सिद्ध केली होती. तिचा व्यास ०.४५१ इंच होता. गोळीही षट्कोनी, लांबट. १८५७ च्या चाचण्यांत तिने ब्रिटिश फौजेच्या एन्फिल्ड बंदुकीला लांब पल्ल्यावर पार मागे टाकले. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढून हिच्या पहिल्या बाराचा मान घेतला. चारशे यार्डांवरची ती गोळी केंद्रापासून अवघ्या दीड इंचावर लागली. अर्थात बंदूक आधी भक्कम ठाणावर बसवून ठेवलेली होती! तरीही ब्रिटिश सरकारने ती फौजेसाठी घेतली नाही. ती महाग होती आणि तिच्या अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचे. मग अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेकडील राज्यांनी समुद्रावरची नाकेबंदी चुकवून थोड्या व्हिटवर्थ बंदुका आणवल्या. त्यांतील काहींवर डेव्हिडसन यांची दुर्बीण होती.

९ मे १८६४ रोजी व्हर्जिनियातील स्पॉट्सिल्व्हेनिया येथे उत्तरेच्या सहाव्या सैन्यदलाचे सेनापती जॉन सेज्विक आपल्या सैनिकांना धीर देत उभे होते. शत्रूच्या निशाणेबाजांच्या गोळ्या येत होत्या आणि माणसे अंग चोरत होती. एवढ्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धा टिपता येणार नाही, अशा अर्थाची थट्टा सेज्विक यांनी केली. थोड्याच वेळात एक गोळी त्यांच्या डाव्या डोळ्याखाली लागून ते गतप्राण झाले. ती गोळी व्हिटवर्थची होती असे तेव्हापासून मानले जाते.

या युद्धातील दुसरी एक आठवण आम्हांला अधिक बोलकी वाटते. दुर्बिणीच्या व्हिटवर्थ बंदुका चालवणाऱ्या सैनिकांचा एक डोळा लढाईनंतर काळानिळा झालेला असे. नेम धरताना दुर्बिणीचे टोक डोळ्याला टेकवावे लागे आणि बार होताच बंदूक मागे येऊन तेथेच दणका देई. जो दुरून मारी त्याच्याही चेहऱ्यावर खूण उमटे. शेजाऱ्याच्या सूचिपत्रकात ‘डोळा आणि भिंग यांतील अंतर’ असा एक रकाना होता आणि त्यात साडेतीन इंच, चार इंच असे आकडे होते. तो रकाना या काळ्यानिळ्या डोळ्यांतून निघाला आहे, हे ध्यानी आल्यावर आम्हांला तो रुक्ष वाटेनासा झाला.

उत्तरेच्या बाजूलाही असेच चालले होते. हायरम बर्डन यांच्या निशाणेबाज पलटणीत १८६१ मध्ये भरती होण्यासाठी दोनशे यार्डांवर दहा गोळ्या झाडाव्या लागत आणि प्रत्येक गोळीचे केंद्रापासूनचे अंतर मोजून त्यांची बेरीज पन्नास इंचांच्या आत यावी लागे. कित्येक जण घरची दुर्बीण लावलेली, ठासणीची अवजड बंदूक घेऊनच आले. १८६२ च्या वसंतात यॉर्कटाउनच्या वेढ्याच्या वेळी विन्स्लो होमर हा तरुण चित्रकार साप्ताहिकासाठी चित्रे काढत छावणीत फिरत होता. त्याने झाडावर बसलेल्या एका निशाणेबाजाचे चित्र काढले. ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘हार्पर्स वीकली’मध्ये आले आणि त्यावरूनच त्याने १८६३ मध्ये आपले पहिले गणले जाणारे तैलचित्र रंगवले. ते आज मेन राज्यातील पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रात शत्रू कोठेच नाही. फांदीवर बसलेला माणूस, लांब बंदूक, दुर्बिणीला लावलेला डोळा, एवढेच. यानंतर सुमारे चौतीस वर्षांनी, १८९६ मध्ये, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात होमरने सांगितले, की त्या दिवसांत आपण अशा एका दुर्बिणीतून पाहिले होते आणि फौजेतील ही गोष्ट आपल्याला खुनाच्या अगदी जवळची वाटली. त्याने पत्रात एक रेखाटनही काढले: दुर्बिणीचे वर्तुळ, त्यात आडवी-उभी रेघ, आणि त्या रेघांवर बेसावध उभा असलेला माणूस.

पत्राची ही हकिकत वाचून झाल्यावर काही दिवस आम्ही शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही. कोळ्याचा तो तंतू, ज्याने गॅसकॉइनला ताऱ्यांमधील अंतरे मोजता आली, तोच येथे एका आईच्या मुलाच्या छातीवर येऊन थांबला होता.

युद्धानंतर काडतुसांच्या मागून भरायच्या बंदुका सर्वत्र झाल्या आणि ठासणीची बंदूक माळ्यावर गेली. ती पुन्हा खाली उतरली ती हौसेने. १९३३ मध्ये अशा हौशी लोकांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप गावी तिचे मेळावे भरतात. पुढे अनेक राज्यांनी ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम ठेवला. पेनसिल्व्हेनियाने १९७४ पासून गारगोटीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला. तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आद्य रक्तसाक्षी संत स्तेफन यांच्या सणाला सुरू होतो. त्यात दुर्बिणीला मज्जाव आहे. हेतू असा, की शिकाऱ्याने पूर्वजांसारखे सावजाच्या जवळ जावे आणि सावजालाही निसटण्याची संधी असावी. परंतु १९८५ मध्ये मिसूरी राज्यातील टोनी नाइट या कारागिराने सरळ रेषेत ठिणगी पोहोचवणारी नवी ठासणीची बंदूक काढली आणि चित्र पालटले. ही बंदूक दिसायला आधुनिक, माऱ्यालाही तशीच. तिच्यावर दुर्बीण सहज बसते. तेव्हापासून वाद सुरू आहे. कोलोरॅडो राज्य ठासणीच्या हंगामात आजही दुर्बीण लावू देत नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र ऑक्टोबरच्या अल्प हंगामात, केवळ माद्या मारण्यासाठी, नवी बंदूक आणि दुर्बीण दोन्ही चालतात.

आम्ही या वादात कोणत्या बाजूला आहोत? पूर्वजांच्या नावाने दुर्बिणीला नाक मुरडणाऱ्यांचे सारेच आम्हांला पटत नाही. चॅपमन आणि माल्कम हेही पूर्वजच होते आणि त्यांच्या बंदुका ठासणीच्याच होत्या. शिवाय १९९२ च्या ‘कॅथलिक श्रद्धाग्रंथा’ने प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवले आहे; आणि अधू डोळ्याच्या माणसाने अंदाजाने झाडलेली गोळी यातनाच देते. परंतु दुर्बीण केवळ स्पष्ट दाखवून थांबत नाही, ती लोभही दाखवते. तीनशे यार्डांवरचे हरीण ती इतके जवळ आणते, की आपल्या एका गोळीचा जीव केवढा, हे माणूस विसरतो. दुर्बीण अंतर डोळ्यापुरते मिटवते, गोळीपुरते नव्हे. ठासणीच्या बंदुकीची जड, संथ गोळी दोनशे यार्डांच्या सुमारास झपाट्याने खाली झुकू लागते आणि तेथून पुढे दुर्बिणीतील रेघ खोटे बोलू लागते.

यावरूनच शेवटी त्याच्या दुर्बिणीची निवड झाली. दुकानदार त्याच्या गळ्यात चार ते सोळा पट मोठे दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण मारू पाहत होता. आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दुर्बिणीतून डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी काढायची तर पुढील भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीने भागावे. पन्नासाला सोळाने भागले तर तीन मिलिमीटरच्या थोडे वर, म्हणजे संध्याकाळी चित्र काळवंडलेले. बत्तीस मिलिमीटरचे भिंग आणि चार पट मोठेपणा घेतला तर आठ मिलिमीटर. त्याच्या वयाच्या माणसाची बाहुली अंधारात पाचेक मिलिमीटरपर्यंत उघडते. तेव्हा लहान भिंग त्याला पुरून उरत होते. मोठे भिंग नळीला लागू नये म्हणून दुर्बीण उंच बसवावी लागते. मग गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान अधांतरी राहते, हा आणखी तोटा. धक्का मोठा, म्हणून डोळ्यापासूनचे अंतर चार इंचांच्या खाली नको. आतील रेघा कडेला जाड आणि मध्यभागी बारीक हव्यात, म्हणजे अंधूक उजेडात हरवत नाहीत. ठरली ती दोन ते सात पटीची, बत्तीस मिलिमीटरची, साधी दुर्बीण. दुकानदाराची थोडी निराशा झाली असावी.

बंदुकीवर चढवण्यापूर्वी त्याने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून आम्हांला पाहू दिले. पलीकडच्या कापलेल्या मक्याच्या शेतात तीन हरिणी चरत होत्या. आम्ही डोळा लावला. एकीने मान वर केली. तिच्या नाकपुडीतून निघणारी वाफ, कानाच्या कडेचे पांढरे केस, सारे रेघांच्या मध्यभागी. आम्हांला होमरची आठवण झाली आणि आम्ही बाजूला झालो. शेजारी मात्र शांतपणे पाहत राहिला आणि म्हणाला, “मधली या वर्षीची आहे. तिला सोडायचे.” जे आम्हांला दिसले नव्हते ते त्याला दिसले होते. संत ह्युबर्टच्या शिकारकथेतही हरणाच्या शिंगांमधला क्रूस त्याला दिसतो तो आधी तो हरणाकडे नीट पाहतो म्हणून, असे त्या क्षणी आमच्या मनात आले. कथा दंतकथा असेल. संत ह्युबर्ट हे लिएजचे बिशप होते आणि ७२७ मध्ये निवर्तले, हा इतिहास आहे.

ऑक्टोबरच्या हंगामात पहिल्या संध्याकाळी तो रिकाम्या हाताने परतला. ऐंशी यार्डांवर हरिणी उभी होती, परंतु दुर्बिणीतून तिच्या मागे दुसरीची पाठ दिसली. गोळी आरपार जाऊन तिलाही लागली असती. साध्या डोळ्याला ती दिसली नसती, असे तो म्हणाला. तिसऱ्या सकाळी त्याने एक गोळी झाडली. हरिणी दहा पावलांच्या आत पडली. मांसाचा मोठा वाटा धर्मग्रामाच्या अन्नभांडाराला गेला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघाला, या वेळी वडिलांची गारगोटीची बंदूक घेऊन. तिच्यावर दुर्बीण नव्हती. माशी दिसत नाही तर ही कशाला, असे आम्ही विचारले. “वीस पावलांच्या आत आले तरच,” तो म्हणाला. त्या दिवशी ओलसर बर्फ भुरभुरत होते. संध्याकाळी धर्मगुरुनिवासाची घंटा वाजली. दारात तो उभा, टोपीवर बर्फ, हातात बायकोने पाठवलेल्या पिरोगींचे भांडे. हरीण आले होते, अठरा पावलांवर. त्याने चाप ओढला, घोडा पडला, रंजक फुसकन पेटली आणि आतली दारू गार ती गारच. धूर विरेपर्यंत हरीण त्याच्याकडे पाहत उभे होते. मग ते सावकाश, शेपूट हलवीत निघून गेले. सांगताना तो इतका हसत होता, की भांडे आम्हांलाच त्याच्या हातातून घ्यावे लागले.